सहा मीटरमध्ये नऊ मिलिमीटर

कर्लिंगचं जुनं रिंगण मोडलं तेव्हा
छपराखालचे गर्डर त्यांनी वजनावर विकायला काढले.
मी दोन निवडून बाजूला ठेवले:
एक बुटका, जाड, पैलवानी;
दुसरा उंच, पोटाला पातळ, शेलाटा.
हनात म्हणाला, जाडा घे, जाडाच भरवशाचा.
मीही तेच म्हणालो असतो,
लारिसाचा फोन आला नसता तर.

लेक माझी विनिपेगला पूल तपासते.
"बाबा, वजन बघू नका, उंची बघा.
फूटपट्टी आडवी धरून वाकवा,
मग तीच उभी धरून."
आडवी लवली. उभी हटेना.
हनातनंही करून पाहिलं, आणि टोपी नीट केली.

शेडची रुंदी सहा मीटर,
मध्ये टांगायचं ते ट्रॅक्टरचं इंजिन,
टनाला थोडं कमी, हिशेबात टनच.
"तुटणार नाही," ती म्हणाली, "पण लवेल.
किती लवू द्यायचा ते आधी ठरवा."
सत्तर वर्षांत असं मला
कुणी आधी विचारलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही स्प्रूसचा ओंडका लावला होता,
सालही न काढता, कारण घाई माझी.
लाकूड मोडण्याआधी बोलतं म्हणतात.
ते बोललं नाही.
इंजिनाला ओरखडा नाही,
हनातच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.
त्यानं कधी विषय काढला नाही.
दर ईस्टरला रंगवलेली अंडी आणून देतो,
त्याच हाताच्या उरलेल्या तीन बोटांत धरून.

गर्डरचा खालचा ओठ ताणला जातो, तो सरळ राहतो.
वरचा दाबला जातो,
आणि दाबलेलं लोखंड
खाली जागा नसली की बाजूला पळू बघतं.
(हे लारिसाचं. मी मान डोलावली,
मला माणसं आठवली.)
म्हणून वरून चॅनेल पालथं घातलं, टोपीसारखं,
आणि तुकड्यातुकड्यानं वेल्ड केलं:
वीतभर इथं, वीतभर पार तिकडे, मग मध्ये.
सलग ओढत नेलं असतं तर तापून
अख्खा गर्डर विळ्यासारखा वळला असता.
त्याआधी रंग खरवडला,
हिरव्याखाली निळा, निळ्याखाली शेंदरी,
तीन पिढ्यांचे सामने,
मग एकदाचं उघडं लोखंड.
टेकूंपाशी पोटाला दोन्हीकडून पट्ट्या दिल्या.
भिंती फळ्यांच्या, त्यांना काही विचारलंच नाही;
चार खांब रोवले, प्रत्येकाचा काँक्रीटचा पाय
जमीन गोठते त्याच्याही खाली.

फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस.
शेगडीत बर्च पेटवला, आणि चौकटीवर
सहा पिंपं पाण्यानं काठोकाठ. तेराशे किलो.
गर्डरच्या टोकापासून टोकापर्यंत पियानोची तार ताणली,
मध्यावर, बरोबर तारेमागे, खिळ्यानं रेघ मारली.
मग साखळी ओढली.
चौकट जमिनीपासून वीतभर. त्याहून वर कशाला?
पाणी हिंदकळलं, थांबलं.
मी प्रत्येक वेल्डवर बॅटरी मारत गेलो,
पिंपांना लांबून वळसा घालत.
हनात दारातच, हात कोटाच्या खिशात.

तारेखाली रेघ: नऊ मिलिमीटर.

उतरवलं.
रेघ वर आली, तारेमागे जाऊन बसली,
जशी कुठे गेलीच नव्हती.
"तार ढिली असेल," हनात म्हणाला. "परत कर."
परत केलं. नऊ.
"अजून एकदा."
तिसऱ्यांदा साखळी त्यानं ओढली,
उजव्यानं ओढायची, डाव्यानं धरायची.
नऊ.

मी ब्रशनं गर्डरच्या पोटावर लिहिलं: एक टन.
त्यानं खडू मागितला,
शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढून
आपल्या आयांच्या लिपीत, शाळकरी अक्षरात लिहिलं:
खाली कुणी उभं राहायचं नाही.
तूसुद्धा, मेथोडी.

खडूचं आहे. पुसलं जाईल.
उद्या रंग जरा कोमट करतो,
आणि त्याच अक्षरांवरून ब्रश फिरवतो.